पहिल्यांदा स्वतःची लैंगिक आरोग्य तपासणी करून घेताना: कुठे जायचं, काय विचारायचं, काय मागून घ्यायचं

आपल्याकडे बाईची एचआयव्हीची टेस्ट होते कधी, तर पोटात बाळ असताना. नाव नोंदवायला गेलं की सिस्टर रक्त घेते, त्यातच हिमोग्लोबिन, शुगर, एचआयव्ही, व्हीडीआरएल (म्हणजे सिफिलिस या लैंगिक आजाराची टेस्ट), बी कावीळ सगळं उरकतं, आणि बऱ्याच जणींना आपली अशी टेस्ट झाली होती हे नंतर फाईल चाळताना कळतं. बाळासाठी ते हवंच, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण दोन बाळंतपणं झाली, ऑपरेशन झालं, की पुढची पंचवीस-तीस वर्षं त्या बाईला कोणी काही विचारत नाही. आणि जिला मूल नकोय, जिचं लग्न झालेलं नाही, जी विधवा आहे, जी नवऱ्यापासून वेगळी राहते, तिला तर कधीच कोणी विचारत नाही. बाळासाठी नाही, नवऱ्यासाठी नाही, फक्त स्वतःसाठी तपासायला जायचंय आणि आयुष्यात पहिल्यांदाच जायचंय अशा बायका-मुलींसाठी हे सगळं लिहितेय. बहुतेक माहिती महाराष्ट्रातल्या सरकारी दवाखान्यांची आहे कारण बहुतेक जणींना परवडणारी आणि पोचता येणारी जागा तीच.

आधी एक जुनी गोष्ट सांगते कारण ती माहीत असली की आपण एकट्या नाही हे कळतं. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली होती, दवाखान्यात आलेल्या आजारी बायकांची नाही, गावातल्या सगळ्याच, त्रास असलेल्या आणि नसलेल्याही. १९८९ साली ते लॅन्सेट या डॉक्टरांच्या नियतकालिकात छापून आलं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजाराचा काही ना काही त्रास निघाला, आणि त्याआधी आयुष्यात कधी आतून तपासणी झालेल्या बायका होत्या जेमतेम ८ टक्के. म्हणजे दुखणं जवळजवळ प्रत्येकीला आणि तपासणी बारा-तेरा जणींत एकीची. आता दवाखाने वाढले, औषधं फुकट मिळतात, कायदे झाले, पण अंगावर काढायची सवय काही गेलेली नाही, पांढरं जातंय, खाज येते, संबंधाच्या वेळी दुखतं, ओटीपोट धरून येतं, आणि आपण म्हणतो चालायचंच बाईच्या जातीला. नाही चालायचं. यातल्या बहुतेक गोष्टी गोळ्यांच्या एका कोर्सने बऱ्या होतात.

सगळ्यात आधी: घाईचं प्रकरण असेल तर

जबरदस्ती झाली असेल, किंवा ज्याला एचआयव्ही आहे असं माहीत आहे किंवा दाट शंका आहे अशा माणसाशी निरोधशिवाय संबंध आला असेल, तर बाकीचं वाचत बसू नका, आत्ता सिव्हिल हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. एचआयव्ही लागू नये म्हणून २८ दिवस घ्यायच्या गोळ्या असतात, त्याला पेप म्हणतात, त्या ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात आणि जितक्या लवकर तितकं बरं, नंतर त्यांचा उपयोग नाही. दिवस राहू नयेत म्हणूनची गोळीही तिथेच मागा. बलात्काराच्या बाबतीत सरकारी असो की खाजगी, कुठल्याही हॉस्पिटलला लगेच आणि मोफत उपचार करावेच लागतात, त्यासाठी आधी एफआयआर दाखवायला लागत नाही. हॉस्पिटल पोलिसांना कळवतं ते वेगळं, पण उपचार त्यासाठी थांबवता येत नाहीत. दोन बोटांची तपासणी (बाईला संबंधांची सवय आहे का हे योनीत बोटं घालून बघणं) करायची नाही असं सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२२ मध्ये परत एकदा ठणकावून सांगितलंय, तेव्हा कोणी तसं करायला लागलं तर नाही म्हणा. १८१ हा महिला हेल्पलाईनचा नंबर आहे, सोबतीला कोणी नसेल तर तिथून सखी वन स्टॉप सेंटरची, म्हणजे हिंसा झालेल्या बायकांसाठीच्या सरकारी केंद्राची, मदत मिळू शकते.

पायरी १: आपल्याला नक्की काय तपासायचंय

दोन प्रकार असतात आणि दोन्हीसाठी जायची जागा थोडी वेगळी आहे.

एक म्हणजे काहीतरी त्रास आहे. पांढरं जाणं थोडंफार नॉर्मल असतं हे लक्षात घ्या, पाळीच्या मध्यावर चिकट पारदर्शक जातं, पाळीच्या आधी जरा दाट जातं, त्याला वास नसतो, खाज नसते, त्यासाठी औषध नको. पण दह्याच्या गुठळ्यांसारखं जातंय आणि प्रचंड खाज आहे, राखाडी पातळ जातंय आणि मासळीसारखा वास येतोय, पिवळट हिरवं फेसाळ जातंय, लघवीला जळजळ होते, जननेंद्रियावर फोड, जखम, चामखीळ आलीय, जांघेत गाठ आहे, संबंधानंतर रक्त दिसतं, ओटीपोट सारखं दुखतं, यातलं काहीही असेल तर तपासणी करायचीच. यातले पहिले दोन प्रकार, म्हणजे बुरशीचं इन्फेक्शन आणि तो मासळीच्या वासाचा प्रकार, हे लैंगिक आजारात धरतही नाहीत, संबंध न आलेल्या मुलीलाही होऊ शकतात, तेव्हा शरमेने मरायचं कारण नाही.

दुसरा प्रकार म्हणजे त्रास काहीच नाही पण मनात शंका आहे. नवरा बाहेरगावी कामाला असतो, नवीन नातं सुरू झालंय, आधीचं नातं संपलंय, लग्न ठरलंय, किंवा नुसतंच एकदा बघून घ्यायचंय. ही शंका अगदी रास्त आहे कारण बायकांमध्ये क्लॅमिडिया, गनोरिया हे संबंधातून लागणारे आजार बऱ्याचदा काहीच लक्षणं दाखवत नाहीत, आत गर्भनलिकांपर्यंत जाऊन सूज करतात आणि मग पाचेक वर्षांनी मूल का होत नाही म्हणून बोलणी खायला लागतात तिलाच, जिला कधी आजार झाल्याचं कळलंच नव्हतं, आणि बहुतेक वेळा तो आणून दिलेला असतो दुसऱ्यानेच. एचआयव्ही आणि सिफिलिसही वर्षानुवर्षं गप्प बसतात. आणि तीस वर्षं पूर्ण झाली असतील तर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी आहेच, तिच्याबद्दल पुढे नीट लिहिते.

पायरी २: जागा

आयसीटीसी: हे सरकारी समुपदेशन आणि चाचणी केंद्र. जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये, उपजिल्हा रुग्णालयात, बहुतेक ग्रामीण रुग्णालयांत, मेडिकल कॉलेजात, मुंबई-पुण्यात महापालिकेच्या हॉस्पिटलांत असतं. एचआयव्हीची टेस्ट इथे फुकट. डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, सरळ जाऊन "मला टेस्ट करायचीय" म्हणायचं. प्राथमिक आरोग्य केंद्रातही बऱ्याच ठिकाणी पहिली टेस्ट होते, तिथे काही निघालं तर खात्रीसाठी आयसीटीसीला पाठवतात.

सुरक्षा क्लिनिक: गुप्तरोग म्हणून ज्यांना आपण कुजबुजत नाव घेतो त्यांची तपासणी आणि औषधं इथे. सिव्हिल आणि मेडिकल कॉलेजात असतं, बायकांसाठी बहुतेक स्त्रीरोग ओपीडीला जोडलेलं असतं. पांढरं जाणं, फोड, जखम, ओटीपोट दुखणं यासाठी इथेच जायचं, किंवा सरळ स्त्रीरोग ओपीडीत.

आरोग्य केंद्र, उपकेंद्र, आयुष्मान आरोग्य मंदिर: इथे रोजच्या इन्फेक्शनची औषधं मिळतात आणि बऱ्याच ठिकाणी गर्भाशयमुखाची प्राथमिक तपासणी होते.

खाजगी लॅब: घाई असेल किंवा क्लॅमिडिया-गनोरियाची नेमकी पीसीआर टेस्ट हवी असेल तर. सरकारीत ही टेस्ट फार थोड्या ठिकाणी होते, तिथे लक्षणांवरूनच उपचार देतात. खाजगीत पूर्ण पॅनेलला काही हजार जातात, आधी फोनवर रेट विचारा, आणि रिपोर्ट कुठल्या व्हॉट्सॲप नंबरवर जाणार हेही विचारा, घरातल्या सगळ्यांच्या हातात फिरणाऱ्या फोनवर नको.

आपल्या जवळचं केंद्र कुठलं हे माहीत नसेल तर १०९७ ला फोन करा. एड्सची राष्ट्रीय हेल्पलाईन आहे, टोल फ्री आहे, नाव सांगायची गरज नाही, मराठीत बोला.

आता एक गोष्ट बायका नेहमी विचारतात की गावातल्या केंद्रात गेलं तर सगळ्या गावाला कळेल. खरं आहे, कळू शकतं, आशाताई शेजारचीच असते, केस पेपर काढणारा चुलत दीर निघतो. मग शेजारच्या तालुक्याला जा, जिल्ह्याच्या ठिकाणी जा. तुमच्याच भागातल्या केंद्रात गेलं पाहिजे अशी अट कुठेही नाही. बाजाराचा दिवस धरा, बचत गटाच्या कामाने बँकेत जायचं असेल त्याच फेरीत उरका. घरी खोटं बोलायला लागतं याचं मला वाईट वाटतं पण काही घरांत तोच एक मार्ग असतो, आणि तब्येतीसाठी एवढं करायला कोणी लाजू नये.

पायरी ३: जायच्या आधी

आतून तपासणी होणार असेल तर पाळी चालू नसताना जा (रक्तस्राव खूप होत असेल किंवा दुखणं सहन होत नसेल तर मात्र थांबू नका). आदले दोन दिवस योनीत क्रीम, गोळी काही घालू नका, संबंध टाळा, आणि आतून पाण्याने, साबणाने, डेटॉलने, त्या जाहिरातीतल्या वॉशने धुऊ नका. स्वच्छ दिसावं म्हणून बायका घासून धुऊन जातात आणि मग डॉक्टरला तपासायला काही उरतच नाही, शिवाय रोज असं धुतल्याने आतले चांगले जंतू मरून इन्फेक्शन वाढतंच. कपड्यांचं म्हणाल तर साडी किंवा घेरदार ड्रेस सोयीचा, सलवार, जीन्स पूर्ण काढावी लागते.

शेवटच्या पाळीची तारीख लिहून ठेवा. दिवस राहिल्याची शक्यता असेल तर ते सांगायचंच कारण काही गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत. चालू औषधं, कसली ॲलर्जी, विशेषतः पेनिसिलिनची, तेही सांगा. आणि मोबाईलमध्ये किंवा चिठ्ठीवर त्रास लिहून न्या, कधीपासून, कसा, काय केल्यावर वाढतो. तिथे गर्दीत, चार जणींसमोर तोंडून शब्द फुटत नाही, अशा वेळी चिठ्ठी सरळ डॉक्टरच्या हातात द्यायची. मी सोबत नेलेल्या बायकांना हेच सांगते आणि ते चालतं, कोणी नावं ठेवत नाही.

वय १८ च्या वर असेल तर नवरा, आई, सासू, भाऊ कोणाचीही सही लागत नाही, परवानगी लागत नाही, सोबत कोणी असायची गरज नाही. लग्न झालं नसेल तरी हेच. १८ च्या खाली असेल तर एचआयव्ही टेस्टसाठी पालकांची संमती लागते, आणि पोक्सो (मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या) कायद्यामुळे संबंध आल्याचं डॉक्टरला कळलं तर पोलिसांना कळवणं त्यांना बंधनकारक आहे, हे मुलींना आधी माहीत असलेलं बरं. तरी त्रास असेल तर उपचार टाळू नका, विश्वासाच्या मोठ्या बाईला घेऊन जा.

पायरी ४: तिथे पोचल्यावर

सकाळी लवकर जा, ओपीडी दुपारी बंद होते. केस पेपर काढायला रांग असते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केस पेपर, तपासण्या, औषधं सगळं मोफत केलंय, मेडिकल कॉलेज आणि महापालिकेच्या हॉस्पिटलात थोडे पैसे लागू शकतात. खिडकीवर "कशासाठी आलात" विचारतात तेव्हा सगळं सांगत बसायची गरज नाही, "स्त्रीरोग" किंवा "आयसीटीसी, रूम नंबर सांगा" एवढं पुरे.

डॉक्टर विचारतील, लग्न झालंय का. त्यांना बहुतेक वेळा विचारायचं असतं की संबंध आलेत का. लग्न झालेलं नसेल आणि संबंध आलेले असतील तर तसं स्पष्ट सांगा, कारण त्यावर तपासणी ठरते आणि औषध ठरतं. "लग्न नाही झालं पण संबंध आलेत, शेवटचा अमुक महिन्यात." एवढं एक वाक्य घरी पाठ करून जा. समोरच्याने भुवया उंचावल्या तर उंचावू देत, त्यांना तुमच्या चारित्र्यावर मत द्यायला तिथे बसवलेलं नाही.

पायरी ५: रक्ताची टेस्ट

आयसीटीसीत आधी काउन्सिलर मॅडम (किंवा सर) बोलतात, दार बंद करून, एकटीशी. दार उघडं असेल तर बंद करायला सांगा. सोबत आलेल्याला बाहेर बसवायला सांगायचा हक्क तुम्हाला आहे. ते समजावतात टेस्ट कसली, निकाल काय येऊ शकतो, आणि मग तुमची संमती घेतात. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ चा आहे, लागू झाला १० सप्टेंबर २०१८ ला, त्यात हे स्पष्ट आहे की माहिती देऊन संमती घेतल्याशिवाय टेस्ट करायची नाही आणि निकाल दुसऱ्याला सांगायचा नाही. गरोदर बाईलाही हेच लागू होतं बरं का, रूटीन आहे म्हणून न सांगता उरकणं बरोबर नाही.

मग थोडं रक्त घेतात आणि निकाल बहुतेक वेळा त्याच दिवशी मिळतो. पहिल्या टेस्टमध्ये काही दिसलं तर आणखी दोन वेगळ्या किटवर तेच रक्त तपासतात, तिन्हींवर आलं तरच पॉझिटिव्ह म्हणतात. तेव्हा कुठल्यातरी शिबिरात किंवा खाजगी लॅबमध्ये एका किटवर पॉझिटिव्ह आलं म्हणून जीव द्यायला निघालेली कोणी असेल तर तिला आधी आयसीटीसीला घेऊन जा.

आणि फक्त एचआयव्हीवर थांबू नका. त्याच वेळी सिफिलिसची (व्हीडीआरएल किंवा आरपीआर) आणि हिपॅटायटिस बी, सी ची टेस्ट मागा. मागितल्याशिवाय बऱ्याचदा होत नाहीत. सिफिलिस पेनिसिलिनच्या इंजेक्शनने पूर्ण बरा होतो, ते कळल्यावर किती जणींचे चेहरे बदलतात म्हणून सांगू.

विंडो पिरियड समजून घ्या. संबंध आल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी टेस्ट केली तर ती निगेटिव्हच येणार, शरीराला वेळ लागतो. आता एकदा करा आणि शंकेच्या दिवसापासून तीन महिने झाले की परत करा, आणि मधल्या काळात निरोध वापरा. कॅलेंडरवर नुसती खूण करून ठेवा, काय आहे ते लिहायची गरज नाही.

पायरी ६: आतून तपासणी, जिची सगळ्यात जास्त भीती असते

ही नीट सांगते कारण काय होणार हे माहीत नसल्यामुळेच बायका दारातून परत जातात.

आधी लघवी करून या. टेबलावर पाठीवर झोपायचं, गुडघे वाकवून पाय बाजूला करायचे, वरून चादर असली पाहिजे, नसेल तर मागा. पडदा ओढायला सांगा. तपासणारा पुरुष डॉक्टर असेल तर खोलीत सिस्टर किंवा दुसरी बाई हजर असली पाहिजे, आणि तुम्हाला बाईच डॉक्टर हवी असेल तर कुठल्या दिवशी असते विचारून त्या दिवशी परत या. आधी बाहेरून बघतात. मग बदकाच्या चोचीसारखं एक साधन आत घालतात, त्याला स्पेक्युलम म्हणतात, ते उघडलं की गर्भाशयाचं तोंड दिसतं. दाब जाणवतो, थंड लागतं, पण कापल्यासारखं दुखायला नको. दुखलं तर "थांबा" म्हणायचं, आणि थांबलंच पाहिजे. ढुंगण टेबलाला टेकवून ठेवा, हळूहळू तोंडाने श्वास सोडा, आवळून धरलं की जास्त दुखतं. गरज असेल तर कापसाच्या काडीने स्राव घेतात, मग हातमोजा घालून आतून आणि पोटावरून दाबून बघतात. सगळं मिळून पाच-सात मिनिटं. ज्या मुलीचे संबंध कधी आलेच नाहीत तिने ते आधी सांगायचं, तिला स्पेक्युलम लावत नाहीत, पोटाची सोनोग्राफी आणि बाहेरून तपासणी यावर भागवतात.

नाही म्हणायचा हक्क शेवटपर्यंत तुमचाच. टेबलावर झोपल्यावरही.

पायरी ७: तीस वर्षांनंतर गर्भाशयमुखाची तपासणी

भारतात बायकांच्या कॅन्सरमध्ये स्तनाच्या खालोखाल हा, आणि तो होतो एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे जो संबंधातून येतो, जवळजवळ सगळ्यांनाच कधी ना कधी येऊन जातो, बहुतेकांचा आपोआप जातो, काहींचा राहतो आणि दहा-पंधरा वर्षांनी त्याचा कॅन्सर होतो. म्हणजे पकडायला भरपूर वेळ असतो. तरी बायका मरतात कारण कोणी बघितलेलंच नसतं.

याचे पुरावे आपल्याच मातीतले आहेत हे मला फार महत्त्वाचं वाटतं. उस्मानाबाद जिल्ह्यात (आताचं धाराशिव) ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांवर बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या मदतीने अभ्यास झाला, २००९ मध्ये त्याचे निकाल आले, आयुष्यात एकदाच एचपीव्ही टेस्ट केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी दहावी-बारावी शिकलेल्या बायकांनाच ट्रेनिंग देऊन व्हिनेगरची तपासणी करायला लावली, दीड लाखाच्या आसपास बायका होत्या त्या अभ्यासात, आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. मोठी मशिनं नाहीत, फार खर्च नाही. जगभर ज्या अभ्यासांचा दाखला देतात त्यांत भाग घेतलेल्या बायका आपल्या धाराशिवच्या, मुंबईच्या, आणि आपल्या आयाबहिणींना मात्र ही तपासणी असते हेच माहीत नाही, याचा खरंच राग येतो.

सरकारी केंद्रात होते ती हीच, व्हीआयए. स्पेक्युलम लावून गर्भाशयाच्या तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिड (म्हणजे व्हिनेगरच) लावतात, एक मिनिट थांबतात, पांढरा डाग उमटला तर पुढे तपासायचं, नाही उमटला तर पाच वर्षांनी परत. जरा चुरचुरतं, बस. डाग दिसला म्हणजे कॅन्सर झाला असं अजिबात नाही. बहुतेक वेळा कॅन्सर व्हायच्या कितीतरी आधीचा बदल असतो आणि तो ओपीडीतच शेक देऊन काढता येतो. पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन तपासणं) किंवा एचपीव्ही टेस्ट मिळत असेल तर तीही चालेल, एचपीव्ही जास्त भरवशाची. एचआयव्ही असलेल्या बाईने तीसची वाट बघायची नाही, २५ पासून करायची. आणि मुलींना लस द्या, पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक जानेवारी २०२३ पासून बाजारात आहे, ९ ते १४ वयात दोन डोस, १५ ते २६ मध्ये तीन. लस घेतली तरी तिशीनंतरची तपासणी चुकत नाही.

पायरी ८: औषधं, आणि नवऱ्याचं काय

सुरक्षा क्लिनिकमध्ये औषधं रंगीत किटमध्ये मिळतात, फुकट. हिरवं किट योनीच्या इन्फेक्शनचं, ग्रे गर्भाशयमुखाच्या इन्फेक्शनचं, पिवळं ओटीपोटाच्या सुजेचं, बाकीचे रंग जखमा, फोड, जांघेतल्या गाठीसाठी. कोर्स पूर्ण करा, दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून उरलेल्या गोळ्या कपाटात ठेवू नका आणि जावेला तर मुळीच देऊ नका. या कोर्सवर दारू नको.

जोडीदारावर उपचार झाले नाहीत तर आजार परत येतो, कितीही वेळा औषध घ्या. बुरशीचं इन्फेक्शन आणि मासळीच्या वासाचा प्रकार यात सहसा जोडीदाराला औषध लागत नाही, बाकी सगळ्यात लागतं. क्लिनिकवाले नवऱ्यासाठी चिठ्ठी किंवा त्याचं किट देतात, ते मागा. दोघांचा कोर्स होऊन आठवडा जाईपर्यंत संबंध नको, निदान निरोध तरी. आता हे नवऱ्याला सांगायचं कसं हाच खरा डोंगर आहे. शांत घर असेल तर सरळ सांगा. नसेल तर "डॉक्टरांनी दोघांनाही बोलावलंय, नाहीतर माझ्या पोटात दुखणं थांबणार नाही" असं म्हणता येतं, बोलायचं काम डॉक्टरवर किंवा काउन्सिलरवर सोडा, त्यांना ते जमतं. आणि मार पडेल अशी भीती असेल तर सांगूच नका, आधी काउन्सिलरला ते सांगा.

पायरी ९: एचआयव्ही पॉझिटिव्ह आलं तर

त्याच इमारतीत किंवा जिल्ह्यात एआरटी सेंटर, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणारं केंद्र असतं, आयसीटीसीतून तिकडे जोडून देतात. औषध आयुष्यभर मोफत, पांढऱ्या पेशी किती आहेत याची वाट न बघता सगळ्यांना लगेच सुरू करतात, बहुतेकींना रोज एक गोळी. नियमित घेतली आणि रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी झाला की संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. मूल हवं असेल तर होऊ शकतं, उपचार नसतील तर बाळाला लागण व्हायची शक्यता १५ ते ४५ टक्के असते, उपचारांनी ती ५ टक्क्यांच्या खाली येते.

बायकांना आजाराएवढीच भीती असते घराची. म्हणून दोन गोष्टी. एक, २०१७ च्या कायद्यात असं आहे की एरवी डॉक्टर किंवा काउन्सिलर काही अटींवर जोडीदाराला कळवू शकतात, पण कळवल्यामुळे बाईला मारहाण होईल, टाकून देतील, तिच्या किंवा मुलांच्या जिवाला धोका होईल अशी वाजवी भीती असेल तर कळवायचं नाही. ही भीती तोंडाने सांगा आणि नोंदवायला सांगा. दोन, घरगुती हिंसाचार कायदा २००५ प्रमाणे राहत्या घरात राहायचा बाईचा हक्क आहे, घर कोणाच्याही नावावर असो, कुठल्याही आजारासाठी तिला बाहेर काढता येत नाही. तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो.

एचआयव्हीचं हे प्रकरण देशात पहिल्यांदा १९८६ मध्ये चेन्नईत उघडकीला आणलं त्या डॉ. सुनिती सॉलोमन माहेरच्या गायतोंडे, चेन्नईतल्या मराठी घरातल्या. त्यांच्या विद्यार्थिनीने, डॉ. निर्मला यांनी ते रक्ताचे नमुने गोळा केले होते. या कामाची सुरुवातच दोन बायकांनी केलीय, एवढं लक्षात असू द्या.

अडवलं तर

नवऱ्याला घेऊन या म्हणाले, लग्न झालं नाही म्हणून तपासणार नाही म्हणाले, सगळ्यांसमोर ओरडून नाव घेतलं, रिपोर्ट दुसऱ्याच्या हातात दिला, तर तिथेच भांडण्यात दम घालवू नका. तारीख, वेळ, खोली, शक्य असेल तर माणसाचं नाव लिहून घ्या. मग वैद्यकीय अधीक्षकांच्या नावाने साध्या कागदावर तक्रार, दोन प्रती, एकीवर पोच घ्यायची. एचआयव्हीच्या संदर्भात असेल तर कायद्याने हॉस्पिटलला तक्रार अधिकारी नेमायला लागतो आणि राज्याचा लोकपालही असतो, तिथेही जाता येतं. एकटीने जमत नसेल तर गटातल्या दोघी-तिघींनी मिळून जा. खूप फरक पडतो, मी बघितलंय, तीन बाया एकदम उभ्या राहिल्या की साहेब खुर्ची देतात.

लग्न करून इंग्लंडला गेलेल्या मुली विचारतात म्हणून तेवढं सांगते: तिथे सेक्शुअल हेल्थ क्लिनिकमध्ये तपासणी आणि उपचार मोफत आहेत, व्हिसा कुठला का असेना, डिपेंडंट असलात तरी, आणि तुमच्या परवानगीशिवाय तुमच्या जीपीलाही (म्हणजे तिथल्या नेहमीच्या डॉक्टरला) कळवत नाहीत. नवऱ्याला तर नाहीच नाही.

रिपोर्ट सगळे एका प्लास्टिक फोल्डरमध्ये ठेवा, घरी ठेवायची भीती असेल तर फोटो काढून लॉक असलेल्या फोल्डरमध्ये किंवा मैत्रिणीकडे. पुढच्या वेळी जाताना तोच फोल्डर न्यायचा, म्हणजे परत पहिल्यापासून सांगायला लागत नाही. आणि गटात अजून कोणाला जायचं असेल तर एकाच दिवशी जा, एसटीचा प्रवास बरा होतो आणि रांगेत जागा धरायला माणूस मिळतं.